जॉबर, नायकीण आणि नेतृत्वाची पुस्तके

मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना सांभाळण्याचे काम अगदी सुरुवातीपासून दुसऱ्याच्या गळ्यात घातले. त्या दुसऱ्याचे नाव जॉबर. पुढे पाऊणशे वर्षांनी हाच जॉबर लाचखाऊ आहे, जुलमी आहे, उद्योगाच्या वाटेतली धोंड आहे, असा साक्षात्कार सगळ्यांना एकदम झाला.

मी कारखान्यांतल्या सुपरवायझर मंडळींना ‘लीडरशिप’ शिकवते. या विषयाची सुरुवात कार्लाइलपासून करायची असा शिरस्ता आहे. १८४० सालची त्याची थोर पुरुषांवरची व्याख्याने, मग नेत्याच्या अंगच्या गुणांची यादी, मग त्याची वागणूक, मग परिस्थिती, अशी ती आगगाडी ठरलेल्या स्टेशनांवर थांबत जाते. मी ताडदेवपासून सुरुवात करते. माझी आजी वाइंडिंग खात्यात नायकीण होती, म्हणजे बायकांची जॉबर. नेतृत्वाच्या सिद्धांतांशी माझी पहिली ओळख तिच्या तोंडून झाली. त्यांना सिद्धांत म्हणतात हे मात्र फार पुढे कळले.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला सूतगिरणी काढली आणि १८५६ साली ती चालू झाली. यंत्रे विलायतेची, ती लावून देणारे आणि चालवणारे मास्तरही बरेचसे लँकेशायरकडचे. मास्तरला मराठी येत नव्हते आणि सातारा-रत्नागिरीहून आलेल्या माणसाला इंग्रजी. म्हणून मध्ये जॉबर आला, असे सहसा सांगतात. ते खरे आहे, पण अर्धेच. भाषेची अडचण दोन-चार दुभाषांनी भागली असती. खरी अडचण बाजाराची होती. कापसाचा भाव आज चढा, उद्या उतरता. सुताला चीनहून मागणी आली तर आली, नाही तर गोदामे भरलेली. अशा धंद्यात हजार माणसे कायम पगारावर ठेवायची मालकांची तयारी नव्हती. आज लागतील तेवढीच माणसे आज हवीत, आणि ती पहाटे भोंगा होताना दरवाज्यावर हजर हवीत. गावाकडे पेरणीला गेलेला, तापाने पडलेला, रात्रीची उतरलीच नाही असा, या सगळ्यांच्या जागा पाळी सुरू होण्याआधी भरायच्या. हे काम ऑफिसात बसून होण्यासारखे नव्हते.

जॉबरने ते केले. दरवाज्यावर उभ्या असलेल्या बदलीवाल्यांतून तो माणसे उचलायचा. नवख्याला हाताखाली घेऊन काम शिकवायचा. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, त्याच्याकडे साच्यांची एक ओळ असायची. तिथे तो मिस्त्रीही होता. धोटा उडाला, फणी बिघडली, पट्टा सैल झाला की विणकर त्यालाच हाक मारणार. त्याच्या ओळीत कापड किती निघाले यावर त्याची स्वतःची कमाई हलत असे. कामावर घेणे त्याच्या हातात, काढणे त्याच्या हातात, रजा त्याच्या हातात. पगार महिन्याने, तोही पुढच्या महिन्याचे दहा-बारा दिवस उलटल्यावर. तोवर वाण्याची उधारी, खानावळीचे पैसे आणि खोलीचे भाडे कोणाच्या शब्दावर थांबायचे? पुष्कळदा जॉबरच्याच. कधी तो स्वतः व्याजाने पैसे द्यायचा, कधी सावकाराकडे जामीन राहायचा. या सगळ्याच्या बदल्यात तो दस्तुरी घ्यायचा. नोकरी लागताना घ्यायचा, पुष्कळ ठिकाणी नोकरी टिकवण्यासाठी दर महिन्यालाही घ्यायचा.

इथवर चित्र खलनायकाचे दिसते. पण इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरण्यांवरच्या १९९४ सालच्या ग्रंथात या चित्राला चांगलाच धक्का दिला. जॉबरची सत्ता वाटते तितकी पक्की नव्हती, असे त्यांचे म्हणणे. एकाच गिरणीत अनेक जॉबर, शेजारी दुसरी गिरणी. जॉबर फारच ओरबाडायला लागला तर माणसे दुसऱ्या जॉबरकडे जात. माणसे गेली की ओळ बंद, ओळ बंद पडली की मास्तरपुढे त्याची किंमत शून्य. चाळीत, आखाड्यात, गणपतीच्या वर्गणीत, गावकीच्या खोलीत त्याला आपले वजन रोज नव्याने कमवावे लागे. संपाच्या वेळी तर त्याची कसोटी लागायची. मालकाच्या बाजूने उभा राहिला तर लालबाग-परळात तोंड दाखवायची सोय नाही. कामगारांबरोबर गेला तर नोकरी जायची. संप फोडणारे जॉबर सापडतात तसे संपात पुढे असलेलेही सापडतात, आणि कधी कधी तो एकच माणूस असतो.

नायकिणींबद्दल लिहिलेले फार थोडे सापडते. वाइंडिंग आणि रीलिंग ही बायकांची खाती. विसाच्या दशकात मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या आणि दीड लाखाच्या घरात कामगार होते, त्यांत दर पाच माणसांमागे एक बाई असावी असे प्रमाण होते. बाईला रात्रपाळी कायद्याने बंद. काम तुकड्यावर, जेवढे सूत गुंडाळाल तेवढे पैसे. आजी पाटण तालुक्यातल्या एका गावातून लग्नानंतर मुंबईत आली, विधवा झाल्यावर गिरणीत शिरली आणि काही वर्षांनी नायकीण झाली.

तुकड्यावरच्या कामात सत्ता कुठे असते, हे मला तिने समजावले. सूत वाटण्यात. बाबिनी खात्यात येतात तेव्हा काहींवरचे सूत मजबूत असते, काहींवरचे कच्चे. कच्चे सूत सारखे तुटते, दर वेळी थांबून गाठ मारावी लागते, वेळ जातो, वजन भरत नाही आणि बाईचे पैसे बुडतात. कोणाच्या टोपलीत कुठल्या बाबिनी जायच्या हे नायकीण ठरवायची. सणाला खण-नारळ आणणारीला चांगले सूत आणि न आणणारीला कच्चे, असा हिशेब सर्रास चालायचा. आजीने असे कधी केले नाही, असे माझी आई म्हणायची. मला खात्री नाही. तिच्या ट्रंकेत खण पुष्कळ होते.

पण तिचे दुसरे एक काम होते, ते तिला स्वतःलाही मोठे वाटत असे. सूतच वाईट आले की ती सूत काढणाऱ्या रिंगखात्याच्या जॉबरकडे जाऊन भांडायची. खालच्या खात्यात जायला तिला मज्जाव होता, तरी जायची. तिथून दाद लागली नाही तर वाइंडिंग मास्तरच्या टेबलावर तुटकी बाबीन नेऊन ठेवायची. “सूत त्येंचं खराब, अन् पैसं आमच्या पोरींचं कापायचं, ह्यो कुठला न्याय?” हे वाक्य ती म्हातारपणीही त्याच चढ्या आवाजात म्हणून दाखवायची. पोरी तिला घाबरायच्या आणि तिच्यामागे उभ्याही राहायच्या. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात हा प्रश्न नेतृत्वावरच्या पुस्तकांना पुष्कळ वर्षे पडला नव्हता.

१९२९ साली ब्रिटिश सरकारने जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीवर शाही आयोग नेमला. कामगार पुढारी ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१च्या अहवालात जॉबरवर कडक ताशेरे आहेत. भरतीचा अधिकार त्याच्याकडून काढून घ्या, त्यासाठी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमा, बायका जास्त असतील तिथे शिकलेल्या बाईला त्यांच्या देखरेखीवर ठेवा, अशा शिफारशी आहेत. त्यांतली कळकळ खरी आहे. पुढे १९३४च्या कायद्याने मुंबईत सरकारी लेबर ऑफिसर आला. १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे द्यायची योजना काढली: ठरावीक लोकांना कार्ड, रोज सकाळी त्यांनीच यायचे, गैरहजरांच्या जागी त्यांतूनच माणूस घ्यायचा. १९५० मध्ये याच धर्तीवर बदलीवाल्यांच्या नोंदणीची आणखी मोठी योजना आली. दरवाज्यावरची दस्तुरी खरोखर कमी झाली, हे मान्य केले पाहिजे.

मात्र या सुधारणांनी जॉबरकडून काय काढून घेतले आणि काय त्याच्याच अंगावर ठेवले, ते पाहण्यासारखे आहे. भरती गेली, रजेवरचा अधिकार पातळ झाला. काम शिकवणे, भांडणे मिटवणे, गैरहजेरीची बोलणी खाणे आणि उत्पादन काढून देणे तसेच राहिले. आजीचा या कार्डांवर राग होता. “कार्ड सायबानं दिलं. पर पोरीला गाठ मारायला कोन शिकवनार? त्यो सायब?” सुताची गाठ अशी बसली पाहिजे की ती फणीतून न अडखळता सुटावी. ती शिकवायला काही आठवडे लागतात. त्या आठवड्यांत शिकणारीचे आणि शिकवणारीचे, दोघींचेही काम मागे पडते. पूर्वी नायकीण हे करायची, कारण पोरगी तिची होती. तिनेच आणलेली, पुढे तिलाच मानणारी. आता पोरगी कार्डाची झाली. शिकवण्याचा पैसा तेव्हाही कोणी दिला नव्हता, आताही दिला नाही.

नेमक्या याच सुमारास अमेरिकेत आयोवा विद्यापीठात कुर्ट लेविन आणि त्याचे दोन सहकारी, लिपिट आणि व्हाइट, दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट करून त्यांच्याकडून मुखवटे बनवून घेत होते. एका गटाचा म्होरक्या हुकूम सोडणारा, एकाचा सगळ्यांना विचारून ठरवणारा, एकाचा काहीच न करणारा. हुकूमशहा खोलीबाहेर गेला की त्याच्या मुलांचे काम थंडावायचे. विचारून ठरवणाऱ्याची मुले काम चालू ठेवायची. १९३९ साली हे प्रसिद्ध झाले आणि आजही प्रत्येक लीडरशिपच्या वर्गात सांगितले जाते. मीही सांगते. प्रयोग सुरेख आहे. फक्त त्या मुलांना संध्याकाळी घरी जेवण होते. मुखवटा बिघडला म्हणून कोणाचे पैसे कापले जाणार नव्हते आणि उद्या दरवाज्यावर घेतील की नाही याची धास्ती कोणालाच नव्हती. म्होरक्याची ‘शैली’ एवढी एकच गोष्ट बदलत ठेवायची, तर बाकीचे जग असे गोठवावेच लागते. वर्गातला सुपरवायझर परत कारखान्यात जातो तेव्हा ते गोठलेले नसते.

हे अमेरिकेतही लवकरच कळले. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या एडविन फ्लाइशमनने इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या फोरमनांचा अभ्यास केला. माणसांशी समजुतीने कसे वागावे याचे त्यांना प्रशिक्षण दिलेले होते. प्रशिक्षण संपताना त्यांची मते बदललेली दिसली. कारखान्यात परतल्यावर मात्र बहुतेकांची वागणूक आपापल्या साहेबाच्या वागणुकीवर गेली: साहेब समजूतदार तर फोरमन समजूतदार, साहेब खेकसणारा तर फोरमनही खेकसणारा. हा निबंध १९५३चा. प्रशिक्षण विकून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीने तो भिंतीवर चिकटवून ठेवला पाहिजे. त्याआधी १९४५ साली हार्वर्डच्या रोथलिसबर्गरने फोरमनवर एक लेख लिहिला होता. वरून एक बोलतात, खालून दुसरे बोलतात आणि दोन्ही बोलींचा मालकही हाच आणि बळीही हाच, असा त्याचा सूर. परळच्या जॉबरला तो वाचून दाखवला असता तर त्याने विडी पेटवून मान डोलावली असती.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रयोग अहमदाबादला झाला.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतली मंडळी तेव्हा इंग्लंडच्या कोळसा खाणींचा अभ्यास करत होती. नवी यंत्रे आली, कामाचे तुकडे पाडले आणि जुने एकजुटीचे गट मोडले. मग अपेक्षेइतका कोळसा काही निघेना, हे ट्रिस्ट आणि बॅमफर्थ यांनी १९५१ साली दाखवले होते. त्याच संस्थेतले ए. के. राइस हे साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये सल्लागार म्हणून आले. गौतम साराभाई तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. गिरणीत ऑटोमॅटिक साचे बसवले होते, पण उत्पादन म्हणावे तसे निघत नव्हते आणि कापडात खोट फार येत होती. १९५३ साली राइस यांनी त्या खात्याची रचना मांडून पाहिली. दोनशेहून अधिक साचे आणि कामाचे बारा वेगवेगळे प्रकार. विणकराकडे एका संख्येचे साचे, बाबिनी भरणाऱ्याकडे दुसऱ्या, तुटलेले धागे सांधणाऱ्याकडे तिसऱ्या, तेलवाल्याकडे चौथ्या. कुठल्याही एका साच्याकडे बोट दाखवून हा कोणाचा असे विचारले तर उत्तर नाही. साचा सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नव्हे.

राइस यांनी सुचवले ते साधे होते: काही साचे मिळून काही माणसांचा एक गट. सात जणांच्या हवाली साठएक साचे. कोणी काय करायचे ते त्यांचे त्यांनी पाहायचे, गरज पडली तर एकाने दुसऱ्याचे काम करायचे, गटाचा पुढारी गटातलाच. ही कल्पना कानावर पडताच कामगारांनी आणि सुपरवायझरांनी ती उचलून धरली आणि गट कसे पाडायचे ते जवळजवळ स्वतःच ठरवले. राइस यांनी आपल्या पुस्तकात याची आश्चर्याने नोंद केली आहे. मध्ये चढउतार झाले, पण पुढे उत्पादन वाढले आणि खोट कमी झाली.

मुंबईत १९२८ साली विणकराने दोनाऐवजी तीन साचे चालवावेत या आग्रहातून जो संप झाला तो याच्या शेजारी ठेवून पाहावा. तो संप सहा महिने चालला. एका माणसामागे यंत्रे वाढवायची, हा दोन्हीकडचा हेतू एकच. अहमदाबादेत मजूर महाजन या कामगार संघटनेची वाटाघाटीची जुनी परंपरा होती, साराभाईंसारखा मालक होता, हा फरक मोठा आहेच. पण मुंबईत रचना वरून ठरली आणि ती कामगारांच्या गळी उतरवण्याची जबाबदारी पुन्हा एकदा जॉबरवर टाकली गेली.

राइस यांच्या विचारातला नेमका भाग सुपरवायझरबद्दलचा आहे, आणि तोच वर्गात सगळ्यात कमी सांगितला जातो. गट आपले काम आपण पाहणार असेल तर सुपरवायझरने करायचे काय? त्याने कुंपणावर उभे राहायचे. सूत वेळेवर आणि चांगले येते की नाही, सुटे भाग मिळतात की नाही, शेजारच्या खात्याची कुचराई आपल्या माणसांच्या अंगावर येते की काय, हे त्याने पाहायचे. आत कमी, कडेवर जास्त. तुटकी बाबीन घेऊन मास्तरच्या टेबलापाशी उभी राहिलेली बाई मला इथे दिसते. तिला याचा अधिकार कोणी दिलेला नव्हता, एवढाच फरक.

सतराएक वर्षांनी टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पुन्हा त्या गिरणीत गेले. ऑटोमॅटिक साचेखात्यातली गटपद्धत बऱ्याच अंशी शाबूत होती. साध्या साच्यांच्या खात्यांत मात्र ती झिजून गेली होती, जुन्या वाटण्या परत आल्या होत्या. एकाच गिरणीत, एकाच मालकाखाली. मग नेत्याचा स्वभाव पारखत बसण्यात किती वेळ घालवायचा?

आपल्याकडचा म्हणावा असा सिद्धांत पाटण्याच्या जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० साली मांडला. भारतीय कामगाराला साहेबात माया हवी असते, पण ती माया कामाशी बांधलेली असावी. काम करणाऱ्याला जवळ करावे, जपावे, शिकवावे आणि हळूहळू त्याला स्वतःच्या पायावर उभे करून मग विचारविनिमयाकडे वळावे. जॉबरच्या आणि नायकिणीच्या वागण्यातला बराच भाग यात बसतो. माझी तक्रार एवढीच की ‘आपल्या लोकांना असाच साहेब लागतो’ असे एकदा म्हटले की त्या गरजेचे मूळ शोधायचे राहून जाते. पगार दीड महिन्याने मिळत असेल आणि नोकरी रोज सकाळी नव्याने लागत असेल, तर कोणालाही मायबाप लागेल. लँकेशायरच्या माणसालाही.

१९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, हे सर्वांना माहीत आहे. जॉबर गेला नाही. चाकण, तळोजा, बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर पहाटे पाहा, ठेकेदाराचा माणूस बिहार-ओडिशाहून आलेल्या पोरांची नावे मोबाईलवरून वाचत असतो. खोली त्याने दिलेली, उचल त्याने दिलेली. आत लाइनवर सुपरवायझर वेगळा, कंपनीच्या पगारावरचा, डिप्लोमा झालेला. त्याला पोरांची नावे पुरती माहीत नसतात, कारण दर दोन महिन्यांनी ती बदलतात. आणि कंपनी मला फोन करून सांगते, आमच्या सुपरवायझरांमध्ये लीडरशिपची कमतरता आहे, दोन दिवसांचे शिबिर घ्या.

आता मी शिबिराआधी चार गोष्टी लिहून मागते. माणूस आला नाही तर पहिला फोन कोणाला जातो? माल खराब आला तर मशीन थांबवायचा अधिकार कोणाला आहे? रजा कोण देतो? नवीन पोराला शिकवण्याचे तास कोणाच्या खात्यात पडतात? एका कंपनीकडून उत्तरे अशी आली: फोन सुपरवायझरला, मशीन थांबवायचे मॅनेजरने, रजा ठेकेदाराची, आणि शिकवण्याचे तास कुठेच नाहीत. मी कळवले की या कागदात बदल झाल्याशिवाय शिबिरावरचा खर्च वाया जाईल. त्यांनी दुसरे कोणी तरी पाहिले.

पंपांचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्याने मात्र तो कागद गंभीरपणे घेतला. खराब माल आला तर लाइनवरचा कोणीही मशीन थांबवू शकतो, आणि मग स्टोअरशी भांडायला सुपरवायझरने जायचे, असे त्यांनी ठरवले. पहिल्या महिन्यात मशीन इतक्या वेळा थांबले की मालक हैराण झाले. मग स्टोअरने माल तपासून घ्यायला सुरुवात केली. नवीन मुलाला शिकवणाऱ्या जुन्या कामगाराचा त्या काळापुरता उत्पादनाचा आकडा त्यांनी कमी केला आहे. शिकवण्याचा वेगळा भत्ता द्यायचा का, आणि दिला तर तो ठेकेदाराच्या माणसालाही द्यायचा का, यावर त्यांची घासाघीस अजून चालू आहे.